तरीचा ठेका

दरवर्षी मार्चात, लिलावाच्या दिवशी,
मी पाण्यावरची बोली लिहून घ्यायचो.
बोरखेडे ते निंभोरे, तापीवरची नाव, हक्क एक साल.
नदी सरकारची,
नाव मात्र ठेकेदाराने स्वतःची आणायची :
ही अट तिसरी.

दरपत्रक माझ्या हातचं.
पेंटरने ते पत्र्यावर उतरवलं, माझ्या चुकीसकट.
माणूस दहा पैसे. डोक्यावर पाटी असेल तर पंधरा.
शेळी पाच.
बैलगाडी, बैल धरून, एक रुपया.
उंट आठ आणे (कधी आला नाही).
पोस्टमन, पोलीस आणि प्रेत : माफ.
घोड्यांचा दर जत्रेपुरता वेगळा,
कारण सारंगखेड्याला निघालेला घोडा
नावेत मावतो, पण थांबत नाही.

बोली बोलायला चौघे यायचे.
तिघे शहाणे. सतराशेला गप्प व्हायचे.
लोटन भोई एक रुपया पुढे जायचा
आणि अंगठा उठवायच्या आधी
शाईची बाटली हलवून बघायचा, भरली आहे ना.

त्याच्या नावेला सुरतवाली म्हणत.
आज्याने फळ्या आणलेल्या तिकडून,
मोडीत काढलेल्या पडावाच्या.
त्या पडावाने बंदरोबंदर माणसं वाहिली, कौलं वाहिली,
आणि शेवटी शेवटी नुसतं मीठ.
तापी जिथे जाऊन संपते
तिथून बैलगाडीत घालून ते लाकूड
उलट्या दिशेने वर आलं, सव्वा महिना.
"समुद्र देखेल लाकूड शे, सायेब," लोटन सांगायचा,
"तिले तापीना काय धाक?"

मी तपासणीला जायचो, वर्षातून दोनदा.
नाव बघायची, गळती बघायची, सही करायची.
एकदा रात्री अडकलो त्याच्याकडे.
पलीकडून हाका येत राहिल्या.
तो पडल्या पडल्या सांगे,
हा पाटलांचा सालदार, पिऊन आलाय, सकाळी न्यायचा.
हे बाजारचे, अजून बिडी व्हायचीय त्यांची.
मग एक हाक आली, फार मोठी नव्हती.
हा मात्र उठून चपलांशिवाय पळाला.
सुईण न्यायला आले होते.

पुराच्या साली नाव गावात शिरली.
दोन दिवस ती शाळा ते मारुतीचा पार अशी चालली.
पाणी ओसरल्यावर मी वही घेऊन गेलो :
हे भाडं कोणत्या रकान्यात घालू?
"गल्लीमा भाडं नही लागस, सायेब."
मी तसंच लिहिलं.
वरच्या कार्यालयाने खुलासा मागितला.

मग पूल झाला.
सोळा गाळे, वर दिवे, पहिल्या महिन्यातले.
पुढच्या मार्चात कुणी आलं नाही.
पंखा फिरत होता. मी रकान्यात शून्य काढायला घेतलं
तेवढ्यात लोटन आला, धुतलेला सदरा घालून,
आणि उभ्यानेच बोली बोलला : अकरा रुपये.
म्हटलं, आता कशाला?
"तठून कोनी हाक मारी ते?"

पुलाजवळ तरीचा हक्क देता येत नाही,
नियम पाठ होता मला.
पावती फाडली.
तो हयात होता तोवर, सात वर्षं, फाडत राहिलो,
आणि ऑडिटवाल्यांना दरसाल
अकरा रुपयांत काय विशेष वाटलं नाही.

आता मी निवृत्त. परवा एसटीने गेलो पलीकडे.
कंडक्टर सुट्टे मोजून होईतो नदी संपली.
खाली बंधाऱ्याचं पाणी, गप्प, कुठेच न निघालेलं.

लोटनचा नातू निंभोऱ्याला असतो.
त्याने सुरतवालीची झाली तेवढी दारं केली,
एक गोठ्याला, एक शेळ्यांच्या वाड्याला.
चहा येईपर्यंत मी तिथेच बसलो.
शेळ्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या,
माझ्या तोंडात आपसूक
पाच, पाच, पाच.

एक मात्र कुठेच गेली नाही.
दाराला तोंड लावून
फळी चाटत होती.